ड्रेसरचाचा आणि चौदा नंबरचा बिल्ला

दोनशे चाळीस तपासण्यांतून निसटलेली चूक एकाच तपासणीत सापडते. मग ती एक तपासणी आधीच निवडायची कशी? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न संगणकाच्या कामातला आहे, तेव्हा उत्तरही एखाद्या नियमासारखे दोन ओळींत मांडता यायला हवे होते. तसा प्रयत्न मी अनेकदा केला. प्रत्येक वेळी पहिली ओळ नीट लिहून झाली, की दुसऱ्या ओळीत ड्रेसरचाचा येऊन बसत आणि नियम मोडत. शेवटी मी नियम बाजूला ठेवला. आता चाचांविषयीच लिहितो.

चाचांनी समोरच्या स्क्रीनचे कधीही सरळ ऐकले नाही. स्क्रीनवर ‘वय लिहा’ असे आले की ते वजन लिहीत. ‘पुढे जा’ असे आले की मागे जात. माझ्या खोलीत पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी एका शेळीची माहिती निम्मी भरली, फोन खिशात घातला आणि काहीही न सांगता नमाजला निघून गेले. परत येऊन फोन उघडला तर भरलेली निम्मी माहिती नाहीशी झालेली. मी शक्य तेवढ्या शांतपणे सांगितले, की चाचा, एकदा भरायला घेतले की पूर्ण भरायचे असते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि म्हणाले, “तुमचं बराबर हाय सर. पण शेळीला कुठं म्हाईत हाय? चुलीवर दूध उतू चाललं तर बाई आत पळणारच. तवर तुमचं ॲप थांबतंय का तेवढं बघितलं.”

‘शेळीला कुठं म्हाईत हाय’ हे वाक्य पुढच्या दोन वर्षांत मी किती वेळा ऐकले, याची मी सवयीप्रमाणे नोंद ठेवू लागलो होतो. नंतर ती सोडून दिली, कारण नोंद करतानाही चीड येई.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. परंड्याच्या एका माध्यमिक शाळेत मी अठरा वर्षे गणित शिकवले. शाळेत संगणक आले तेव्हा ते शिकवणारे कुणी नव्हते, म्हणून मी शिकलो. आणि पुढे तेच माझे काम झाले. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी एक खोली आहे. तिथे बसून मी लहान संस्थांना लागणारी ॲप तयार करतो. शेळ्या पाळणाऱ्या महिलांच्या एका संस्थेने माझ्याकडे असेच एक ॲप मागितले. प्रत्येक शेळीच्या गळ्यात नंबराचा एक प्लास्टिकचा बिल्ला असणार होता. बाईने फोनवर तो नंबर दाबला की शेळीचे वय, वजन, झालेल्या लसी, ती गाभण आहे की भाकड, हे सारे समोर यावे आणि जंताचे कोणते औषध किती पाजायचे ते ॲपने सांगावे.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. जंतांवरचे एक नेहमीचे औषध असे आहे, की ते गाभण शेळीला पहिल्या महिना-दीड महिन्यात पाजले तर पोटातला गर्भ बिघडू शकतो. म्हणजे ॲपने इतर काहीही चुकवले तरी ते दुरुस्त करता येईल. पण गाभण शेळीला भाकड ठरवले, तर जे जाईल ते परत येणार नाही. ही एक चूक होऊ द्यायची नाही, असे मी माझ्या खोलीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. शाळा सुटली तरी फळा सुटला नव्हता.

संस्थेच्या मॅडमनी अट घातली, की ॲप बायकांच्या हातात देण्यापूर्वी जनावरांतल्या जाणत्या माणसाने ते तपासले पाहिजे. आणि त्यांनी चाचांना पाठवले. चाचा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत जनावर धरायचे, जखम धुवायची, पट्टी बांधायची, हे त्यांनी नोकरीभर केले आणि निवृत्त झाले. खेड्यांत लोक त्यांना सरळ ‘डाक्टर’ म्हणत, परंड्यात ते ड्रेसरचाचा. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, आणि उजव्या अंगठ्यावर कुठल्याशा बैलाने दिलेली जुनी खूण. त्या अंगठ्याचा ठसा फोनला ओळखू येत नसे. याचेही खापर त्यांनी माझ्यावरच फोडले.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो होतो. वयाचे गट चार, वजनाचे पाच, औषधे सहा, आणि गाभण किंवा भाकड असे दोन. चार पंचे वीस, वीस सख एकशे वीस, त्याची दुप्पट दोनशे चाळीस. प्रत्येक जोडणीची एक तपासणी, याप्रमाणे मी दोनशे चाळीस तपासण्यांचा तक्ता केला, तो रेघा आखून छापला आणि एकेक करून पूर्ण केला. सगळीकडे बरोबरची खूण. असा तक्ता विद्यार्थ्याने आणला असता तर मी त्याला वर्गासमोर उभे करून कौतुक केले असते. चाचांनी तो तक्ता चष्मा वर सरकवून पाहिला, दोन पाने उलटली आणि परत दिला. म्हणाले, “दोनशे चाळीस वेळा तुमी एकच शेळी तपासली सर. गरीब शेळी. जिथं उभी कराल तिथं उभी ऱ्हाती.”

मला राग आला. तो चार मिनिटे टिकला, कारण पाचव्या मिनिटाला त्यांनी वजनाच्या जागी दहा हा आकडा घातला आणि औषधाची जागा कोरी राहिली. माझा एक गट ‘दहापेक्षा कमी’ होता आणि पुढचा ‘दहापेक्षा जास्त’. बरोबर दहा किलोची शेळी माझ्या गणितात जन्मालाच आली नव्हती. मी प्रत्येक गटातला मधला आकडा घेऊन तपासले होते, म्हणून दोनशे चाळीसही तपासण्या त्या जागेवरून निघून गेल्या होत्या. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ यांतला फरक मी अठरा वर्षे नववीच्या वर्गाला शिकवला, या फरकासाठी मुलांचे गुण कापले. चाचांना त्यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले, की हाताखाली आलेली जनावरे मांडीच्या मधोमध क्वचित दुखावलेली असत, बहुतेक सांध्यात. म्हणून ते आधी सांधा चाचपतात. एक गट संपून दुसरा सुरू होतो तो सांधा. मी फळ्यावर ‘सांधे’ असा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

चाचांच्या चहाचाही एक नियम होता आणि त्याचा जाच मला रोज होई. सकाळी आल्यावर दिवसातली पहिली चूक सापडेपर्यंत ते चहा घेत नसत. मी मागवलेला चहा त्यांच्यासमोर निवत राही आणि माझ्या मनात अपराध्याची भावना येई. एखाद्या दिवशी दुपारपर्यंत चूक सापडली नाही, तर समोरचा हॉटेलवाला दारात येऊन विचारी, “काय सर, आज म्हाताऱ्याला उपाशी मारता का?” चूक सापडावी म्हणून मीच मनातून देवाची प्रार्थना करतो आहे, हे लक्षात आल्यावर मला माझ्याच व्यवसायाची काळजी वाटू लागली. एकदा मी मुद्दाम सोपी चूक ठेवून दिली, त्यांनी चहा घ्यावा म्हणून. ती त्यांनी ओळखली, कप दूर सारला आणि म्हणाले, “ही तुमी ठिवलेली हाय. ह्याच्यावर चहा न्हाय.”

लिहून ठेवण्याच्या बाबतीत मात्र ते अशक्य होते. कुठे काय दाबले, आधी काय केले, मग काय दिसले, हे क्रमाने लिहिल्याशिवाय चूक पुन्हा घडवता येत नाही. आणि पुन्हा घडली नाही तर दुरुस्त करता येत नाही. हे मी त्यांना पहिलीच्या मुलाला सांगावे तसे सांगितले आणि एक वही आखून दिली. आठवड्याने वही उघडली. त्यात तीन नोंदी होत्या: ‘शेळी नं. ३, नाराज.’ ‘शेळी नं. ८, हात लावू देत नाही.’ ‘शेळी नं. ११, बरी दिसते पण बरी नाही.’ मी डोक्याला हात लावला. ते दुखावले. दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांनी आयुष्यभर असेच लिहिले होते आणि डॉक्टरांना ते समजत होते. तिसरी नोंद माझ्या मात्र अजून डोक्यात आहे. अकरा नंबरच्या शेळीच्या माहितीत कुठेही चूक दिसत नव्हती. तीन दिवस शोधल्यावर सापडले, की तिची लसीची तारीख दुरुस्त केली तर वर दिसणारी तारीख बदलत होती, पण आठवण करून देणारी आतली तारीख जुनीच राहत होती. बरी दिसत होती, पण बरी नव्हती.

अकरा नंबरवर तुम्ही का थांबलात, असे मी त्यांना खोदून खोदून विचारले. मला नियम हवा होता. शेवटी त्यांनी माझा हात धरला आणि जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा टेबलावरून फिरवत म्हणाले, “जनावराला जबान न्हाय. दुखतंय कुठं ते सांगत न्हाय. पण हात फिरवत गेलं की एका जागी अंग चोरतं. लई थोडं. तिथं थांबायचं.” आणि ॲप अंग कसे चोरते? इतर शेळ्यांचे पान लगेच येत होते, तारीख दुरुस्त केलेल्या अकरा नंबरचे पान एक पापणी लवेपर्यंत उशिरा आले होते. मी ते पान शंभरदा पाहिले होते. मला उशीर दिसला नव्हता, कारण मी उत्तर पाहत होतो आणि उत्तर बरोबर होते.

तरीही मी माझा तक्ता सोडला नाही. चाचांचा हात श्रेष्ठ की माझी यादी, याचा निकाल लावायचा म्हणून मी ॲपची एक वेगळी प्रत केली आणि तिच्यात जाणूनबुजून दहा चुका पेरल्या. हे करण्यात गैर काही नाही. यादीत दम आहे का हे पाहण्याचा तो एक रीतसर मार्ग आहे: चूक कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असते, यादीला नसते, आणि मग कोणती तपासणी कोणती चूक पकडते ते मोजता येते. माझ्या दोनशे चाळीस तपासण्यांनी दहापैकी पाच पकडल्या. चाचांनी दुपारपर्यंत आठ पकडल्या, आणि शिवाय एक अशी, जी मी पेरलेली नव्हती. मी खरे काय ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “शाळेतल्या पोरास्नी बी असंच करत हुता का? चुकीचं गणित घालून?” मी म्हणालो, परीक्षा तुमची नव्हती, यादीची होती. त्यांना ते पटले नाही. दोन दिवस ते आले नाहीत, आणि ते दोन दिवस मी यादी घेऊन बसलो. तेव्हा कळले, की तिच्यातल्या कितीतरी तपासण्या एकमेकींच्या नकला होत्या. एक जे पकडत होती तेच उरलेल्या पकडत होत्या. तपासणीची किंमत, दुसरी कोणीही न पकडणारे असे ती काय पकडते, यावर ठरते. मी नकला खोडून टाकल्या. यादी साठाच्या आसपास आली. मला ती केस कापलेल्या मुलासारखी ओकीबोकी दिसू लागली.

चाचा परत आले आणि तक्रार न करता कामाला बसले. ॲप देण्याची तारीख ठरली. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी सकाळचा चहा नाकारला, दुपारचाही नाकारला आणि संध्याकाळी म्हणाले, की एक राहिलंय. शेळी विकून बघायची राहिली. मी यादी दाखवली: ‘विकली’ हे बटण आहे, ते तपासलेले आहे, चार प्रकारे तपासलेले आहे. ते मान हलवत राहिले. “तशी न्हाय. खरी इकून बघा. बाजारात.” त्यांचे म्हणणे असे, की एखाद्या बाईबरोबर बाजारात जावे, ती शेळी विकते तेव्हा काय काय करते ते पाहावे, आणि मग ॲप उघडावे. का, ते त्यांना सांगता येईना. दवाखान्यात रजिस्टरात गाय पांढरी असायची आणि दारात काळी उभी असायची, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी थकलो होतो. कारण सांगता येत नसेल तर ती तपासणी नव्हे, शंका आहे, असे मी त्यांना जरा कडक आवाजात सांगितले. तो आवाज वर्गातला होता. चाचा उठले. त्या दिवशी चहा न घेताच घरी गेले.

ॲप ठरल्या तारखेला दिले गेले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी नारळ देऊन माझा सत्कार केला. तीन आठवड्यांनी सकाळी चाचांचा फोन आला. परंड्याजवळच्याच एका खेड्यात शेवंताबाईच्या दारात ते उभे होते. “सर, चौदा नंबर बघाय या. शेळी धरून ठिवली हाय, तवर या.” मी मोटारसायकल काढली.

शेवंताबाई म्हणजे चार शेळ्यांची मालकीण, संस्थेतली सर्वांत जुनी सभासद. अंगणात एक तांबूस शेळी होती, तिच्या गळ्यात चौदा नंबरचा बिल्ला. शेवंताबाईच्या हातात औषध भरलेली बाटली, आणि तिचे मनगट चाचांनी धरलेले. फोनवर माझे ॲप सांगत होते: चौदा नंबर, भाकड, औषध पाजा, इतके इतके. चाचा म्हणाले, “हिला इचारा, शेळी कुठली.” शेवंताबाईने सरळ सांगितले, की ही मागच्या बाजारातून आणली, महिन्याची गाभण आहे, देणाऱ्याने तसे सांगितले आणि तिने स्वतःही पारखून घेतले. आधीची चौदा नंबरची तिने विकली होती. मग तुम्ही ‘विकली’ हे बटण का नाही दाबले, असे मी विचारले. आवाज शक्य तेवढा सौम्य ठेवला होता.

“इकली आसं कशाला म्हणू?” शेवंताबाई म्हणाली. “चौदा नंबर हायच की घरात. दावं कुणी देतं व्हय घेणाऱ्याला? घरची बरकत जाती. दावं सोडून घेतलं, बिल्ला त्याच्यातच हुता, हिच्या गळ्यात बांधला.”

मला हे ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण मला ते ठाऊक होते. जनावर विकताना गळ्यातले दावे सोडून घरी ठेवायचे आणि घेणाऱ्याने आपले दावे आणायचे, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या आजोळी भिंतीतल्या खुंटीवर अशी दावी टांगलेली असत आणि आम्ही मुले त्यांचा झोका करत असू. हे सारे ठाऊक असलेला मी, बिल्ला दाव्यात ओवायचा असे संस्थेच्या बैठकीत ठरले तेव्हा तिथे हजर होतो. तरी ॲप लिहिताना एक बिल्ला म्हणजे एक शेळी, असे मी गृहीत धरले. यादीतल्या साठही तपासण्या त्याच गृहीतावर उभ्या होत्या. गृहीतच चुकीचे असेल तर त्यावर उभी केलेली प्रत्येक तपासणी बरोबरच येणार. हे मी भूमितीत शिकवले आहे.

शेवंताबाईने बाटली खाली ठेवली. त्या शेळीला तिने वाटी भरून ज्वारी घातली आणि मला म्हणाली, “सर, डाक्टर आले नसते तर पाजलं आसतं बगा. ॲप सांगतंय म्हणून.” तिने हे रागाने म्हटले नाही, म्हणून ते अधिक लागले. येताना मी चाचांना म्हणालो, की तुम्ही नीट सांगितले असते तर मी बाजारात आलो असतो. ते मागच्या सीटवरून म्हणाले, “नीट सांगता आलं आसतं तर मला तरी कशाला जावं लागलं आसतं? म्हणून तर गेलो.” गेले तीन आठवडे ते रोज एकेका सभासदाच्या दारात, कुणी न सांगता, जाऊन बसत होते. मी जिला शंका म्हणालो होतो, ती तपासणी ते एकटे करत होते.

ॲप त्याच दिवशी थांबवले. नव्या ॲपमध्ये ‘बिल्ला दुसऱ्या शेळीला बांधला’ असे एक बटण आले, आणि औषध सांगण्याआधी रंग व शिंगे विचारणे आले. त्यानंतरचे वर्ष आम्हा दोघांचे बऱ्यापैकी भांडणाचे आणि चांगले गेले. पुढे साखरेच्या आजाराने चाचांची नजर गेली. आधी बारीक अक्षरे दिसेनाशी झाली, मग मोठीही. परंड्यात एकटे राहणे कठीण झाल्यावर त्यांची मुलगी त्यांना मुरूमला तिच्या घरी घेऊन गेली. जाताना त्यांनी ती तीन नोंदींची वही मला परत दिली. चौथी नोंद नव्हती.

तुळजापूर तालुक्यातही ॲप द्यायचे ठरले. सुरुवात तामलवाडीपासून, एका सोमवारी. त्याआधीच्या शनिवारी उमरग्याला माझे काम होते, म्हणून वाट वाकडी करून मुरूमला गेलो. चाचा ओट्यावर बसले होते. मला पावलांवरूनच ओळखून म्हणाले, “यादी आणली का?” आणली होती. ती मी त्यांना वाचून दाखवावी असे त्यांनी सांगितले. मी क्रमाने वाचत गेलो: वजनाचे सांधे, तारखेची दुरुस्ती, अर्धवट भरलेली माहिती, बिल्ल्याची बदली, बदलीनंतरची करडे, लसी. ते डोळे मिटून ऐकत होते. मुलीने दोन कप चहा आणून ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

“करडं परत वाचा.”

मी परत वाचले.

“हितं घाईत गेला. दोन्ही वेळा.” त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या मनगटाला लावला. “अंग चोरलं तुमी, सर.”

माझा संयम सुटला. तीन तासांचा प्रवास करून आलो होतो, सोमवारी ॲप द्यायचे होते, आणि ज्यांना अक्षर दिसत नाही ते मला माझ्या वाचण्यावरून चूक सांगत होते. मी त्यांना म्हणालो, की आता इथेच करून दाखवतो. केवळ त्यांना खोटे पाडण्यासाठी मी फोन काढला. एका शेळीच्या नावावर दूध पिणारी दोन करडे नोंदवली. ती शेळी विकली, करडे घरी ठेवली, आणि ती दुधावरून तुटल्याची नोंद, कुठल्याही बाईची राहील तशी, करायची राहू दिली. बिल्ला नव्या शेळीला बांधला, ती महिन्याची गाभण आहे असे लिहिले. मग औषध विचारले. जुन्या शेळीची करडे बिल्ल्याबरोबर नव्या शेळीच्या नावावर गेली होती. आणि जिच्या नावावर दूध पिणारी करडे आहेत ती गाभण असू शकत नाही, असा एक नियम मीच कधीतरी, मोठ्या हुशारीने, लिहून ठेवला होता.

“काय म्हंती?” चाचांनी विचारले.

“औषध पाजा म्हणते.”

चाचांनी चाचपत कप शोधला. “चला, मग चहा घिऊ,” म्हणाले.

तामलवाडीचा सोमवार मी पुढे ढकलला. करडांची ती जागा वाचताना मी घाई का केली, याचा विचार परतीच्या गाडीत केला. ती तपासणी मी एकदाच, कंटाळलेल्या मनाने, सोपी शेळी घेऊन केली होती, आणि हे माझ्या मनाला ठाऊक होते. मी ते कुणाला सांगितले नव्हते, स्वतःलाही नाही. आवाजाने सांगितले. त्या भेटीनंतर पावसाळा सरता सरता चाचा मुरूमलाच वारले. मला कळले तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. ती वही माझ्या टेबलावर आहे. अजूनही सकाळी एखादी चूक सापडेपर्यंत मला चहा गोड लागत नाही, आणि या सवयीचा मला मनस्वी राग येतो.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: जिथे आपण स्वतः अंग चोरतो, ती तपासणी आधी निवडावी. पण एका माणसाच्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, आणि हा अनुभव एकाच माणसाचा आहे. म्हणून वाचकांना विनंती, की माझ्यावर विसंबू नका. तुमचे काम कोणतेही असो, ‘हे सगळे पाहून झाले’ अशी जी यादी तुमच्याकडे असेल, ती दुसऱ्या कुणासमोर बसून मोठ्याने वाचा. जिथे घाईने पुढे जाल तिथे थांबा आणि तेवढे एक पुन्हा करून पाहा. माझे म्हणणे खोटे निघाले तर मला जरूर कळवा.